एका किटलीची माफी

तोलझोर मोहल्ल्यात कुठलंही भांडण चहाच्या एका किटलीपलीकडे टिकत नाही, असं सोतवोल्दी सांगायचा. दुसरं कोणी हे सांगत नसे, पण खोडूनही काढत नसे, आणि मर्गिलान शहराच्या त्या भागात खोडलं नाही की ते खरं धरतात.

त्याच्या नावापासूनच सुरुवात करायला हवी. त्याच्या आईची आधीची तीन पोरं गेली होती. अशा घरात नवं मूल झालं की ते शेजारणीच्या हाती देतात आणि चाळणीभर कोंडा देऊन परत विकत घेतात, म्हणजे मरणाला वाटावं की हे या घरचं नव्हेच. सोतवोल्दी म्हणजे असा विकत घेतलेला. पुढच्या एकाहत्तर वर्षांत त्याचा भाव चाळणीभर कोंड्याच्या वर फारसा गेला नाही. फक्त हे त्याला कोणी कळवलं नव्हतं.

तरुणपणी तो कापसाच्या गोदामावर काट्याशेजारी बसायचा. काटा इकडे झुकला तरी मान हलवायचा, तिकडे झुकला तरी मान हलवायचा. साहेब बदलले, झेंडे बदलले, याची मान तेवढी कायम राहिली. कोणाशी वाकडं नाही आणि कोणासाठी सरळही नाही. तो निवृत्त झाला तेव्हा मोहल्ल्याला ओक्सोकोल, म्हणजे पांढऱ्या दाढीचा मुखिया, हवा होता. बरे लोक आपापल्या कामात होते. याच्याकडे दाढी होती आणि वेळ होता.

"मला राग येत नाही," हे त्याचं आवडतं वाक्य. लोक आपल्याला साखरेचा आजार नाही हे जसं सांगतात तसं तो ते सांगायचा. "राग कच्च्या माणसाला येतो. पिकलेल्याला येत नाही."

यात खोटं काही नव्हतं. राग यायला आधी मनाला काहीतरी लागावं लागतं, आणि दुसऱ्याचं दुःख सोतवोल्दीला जन्मात कधी लागलं नव्हतं. स्वतःचं एकदाच लागलं. त्याच्याकडे एक लावा पक्षी होता, वाळक्या भोपळ्याच्या पिंजऱ्यात टांगलेला, पहाटे गोड बोलायचा. शेजारच्या होकिमबेकच्या मांजरीनं तो खाल्ला. त्या दिवसापासून सहा वर्षं सोतवोल्दी होकिमबेकशी बोलला नव्हता. त्या भांडणासाठी किटली कधी चुलीवर चढली नाही.

बायकांची भांडणं मिटवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नवऱ्यानं मारलेली, सासरहून निघून आलेली एखादी पोर लोक त्याच्यासमोर आणून बसवायचे. सोतवोल्दी आधी तिच्या सासूच्या तब्येतीची चौकशी करायचा. मग चहा. मग एखादा विनोद, त्यावर इतर म्हातारे हसायचे आणि पोरीलाही ओठ हलवावे लागायचे. मग हळूच, "तुझ्या धाकट्या बहिणीचं जमायचंय ना अजून?" आणि शेवटी, "राग म्हणजे सैतानाची फुंकर, पोरी. थुंकून टाक. म्हण, राजी आहे."

राजी आहे म्हणजे माझं तुझ्याकडे काही लागत नाही, मनात काही उरलं नाही. मरणाऱ्याला हे म्हणतात, प्रवासाला निघालेल्याला म्हणतात. मोठा शब्द आहे. सोतवोल्दीनं तो किटलीच्या झाकणासारखा वापरून गुळगुळीत केला. नेमकं झालं काय, हे तो कधीही विचारत नसे. "खोलात शिरलं की गाळच वर येतो," म्हणायचा. खरी गोष्ट अशी की खोलात शिरायला वेळ लागतो आणि तोवर चहा निवतो. पोर मान खाली घालून "राजी" म्हणायची, हा दोन्ही हात दाढीवरून फिरवून आमीन म्हणायचा आणि वहीत लिहायचा: समेट झाला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे सगळीकडेच असतात. याचा हलवाई म्हणजे मार खाल्लेली बाई, एवढाच काय तो फरक.

नऊ वर्षांपूर्वी मोहल्ल्यात वर्षभरात एकही तलाक झाला नाही म्हणून समारंभात त्याच्या अंगावर रेशमी पट्ट्यांचा झगा घालण्यात आला. तो झगा तो सणासुदीला घालायचा आणि इतर दिवशी भिंतीवर असा टांगायचा की दारातून येणाऱ्याला आधी झगा दिसावा, मग सोतवोल्दी.

तर या माणसाचा हजला जायचा नंबर लागला. नाव नोंदवून अकरा वर्षं झाली होती. इमामानं त्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "अल्लाहचं जे लागतं ते तो सोडून देईल, तो मोठ्या मनाचा आहे. माणसाचं जे लागतं ते माणसानंच सोडायचं. घरोघर जा, सगळ्यांना राजी करून घ्या. एक माणूस जरी नाराज राहिला, तर ओक्सोकोल, ती हज नव्हे, ते नुसतं लांबचं गाव."

सोतवोल्दी घाबरला. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं, तो देवाला मनापासून भीत होता. माणसांची भीती त्याला वाटत नव्हती, कारण माणसं त्याच्या मते एका किटलीची होती.

झगा चढवून तो निघाला. दोन दिवसांत ब्याण्णव घरं. दारात उभं राहायचं, उजवा हात छातीवर, "जाणता अजाणता काही झालं असेल तर राजी व्हा." आतून उत्तर ठरलेलं, "राजी, राजी. आमच्यासाठी दुवा करा." काहीजण तर टीव्हीवरून नजर न हलवता राजी झाले. एका म्हातारीनं राजी होऊन मग विचारलं, "कोण आहे रे?" सोतवोल्दीला यात काही कमी वाटलं नाही. आयुष्यभर त्यानं हाच माल विकला होता, आता तोच माल विकत घेत होता.

होकिमबेकच्या दारातही तो गेला. होकिमबेक म्हणाला, "मी राजी आहे, दादा. आणि तुम्ही? त्या लाव्याबद्दल?"

"ते आल्यावर बघू," सोतवोल्दी म्हणाला.

शेवटचं दार रिसोलतचं. रिसोलत विधवा, साठीला टेकलेली, घरातच तंदूर. अख्खा मोहल्ला तिच्या हातची नान खायचा. सोतवोल्दी पोचला तेव्हा ती कोपरापर्यंत जाड बाही चढवून तंदूरमध्ये वाकली होती. मागे लाकडी ओट्यावर तिची मुलगी मुअत्तर कणकेच्या गोळ्यांवर शिक्का दाबून टोचे पाडत बसली होती. तिशी ओलांडलेली, नवरा सोडून आलेली. 'नशीब,' असं सोतवोल्दी तिच्याबद्दल म्हणायचा, म्हणजे त्याच्या वहीत तिला जागा नव्हती.

"कशी आहेस, पोरी?" त्यानं विचारलं. मुअत्तरनं वर पाहिलं नाही. शिष्ट आहे, असं त्याच्या मनात आलं.

त्यानं हात छातीवर ठेवून रिसोलतला ठरलेलं वाक्य म्हटलं. रिसोलतनं तीन नान काढल्या, टोपलीत टाकल्या आणि विचारलं, "कशासाठी?"

"हजला निघालोय."

"ते झग्यावरून कळलं. राजी कशासाठी व्हायचं?"

"जाणता अजाणता जे काही..."

"अजाणता ते राहू द्या. जाणता काय ते सांगा." ती चिडलेली नव्हती. गिऱ्हाइकाला किती नान हव्यात हे विचारावं तशी विचारत होती. "नाव घेऊन सांगा, ओक्सोकोल, लगेच राजी होते. मला हट्ट करायला वेळ नाही, तंदूर तापलाय."

सोतवोल्दी हसला. हसण्यानं बऱ्याच गोष्टी मिटतात असा त्याचा अनुभव होता. ती हसली नाही.

"अहो, पण तुम्ही तर माझ्यावर खूश होता," तो म्हणाला. "आठवतं ना? महिनाभर रोज सकाळी माझ्या घरी गरम नान पाठवत होता तुम्ही."

"पाठवत होते," रिसोलत म्हणाली. "त्यासाठीच विचारतेय."

सोतवोल्दीनं खूप डोकं खाजवलं. त्याला त्या नान आठवत होत्या, त्यांच्यावरचे काळे तीळही आठवत होते. त्या का आल्या होत्या ते आठवत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "मनात ठेवू नका, ताई. राग माणसाला आतून खातो."

"राग कधीच संपला," रिसोलत म्हणाली. "राग यायचा तेव्हा तुम्ही माझ्या मनात बरेच मोठे होता." आणि ती पुन्हा तंदूरमध्ये वाकली.

तो घरी आला तो धुसफुसत. अंगणात त्याची बायको सलोमत परवाच्या पुलावासाठी गाजरं चिरत बसली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं या अंगणात समेटाच्या शेकडो किटल्या भरल्या होत्या, आणि किटली भरणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, म्हणून तिनं सगळं पाहिलं होतं.

"त्या रिसोलतचं मी काय घोडं मारलंय?" त्यानं विचारलं.

सलोमतची सुरी थांबली. "खरंच आठवत नाही?"

"आठवत असतं तर विचारलं असतं का?"

"मुअत्तरला तिसऱ्यांदा आणलं होतं," ती म्हणाली. "आधी दोनदा तुम्ही राजी म्हणायला लावून परत पाठवलीत. तिसऱ्यांदा ती म्हणेना. किटली संपली तरी म्हणेना. तुम्हाला दुपारच्या नमाजाला उशीर होत होता. मग तुम्ही दस्तरखानाच्या चादरीवरची नान उचलून तिच्या हातात दिलीत आणि शपथ घालायला लावलीत. पुन्हा तक्रार घेऊन आईच्या उंबऱ्यावर गेले, तर ही नान मला मारो."

नानवरची शपथ म्हणजे काय हे सोतवोल्दीला कोणी शिकवायला नको होतं. तिथं पडलेला तुकडासुद्धा उचलून कपाळाला लावतात आणि उंचावर ठेवतात. बाकी सगळ्या शपथा मोडणारे बेरकी लोकही नानची शपथ मोडत नाहीत.

"नान कुठली होती, ते विचारा," सलोमत म्हणाली.

"कुठली?"

"तिच्या आईच्याच तंदूरची. त्या सकाळी मीच आणली होती."

मग तिनं उरलेलं सांगितलं, गाजरं चिरता चिरताच, कारण हात थांबले असते तर तिला रडू आलं असतं. पंधरा दिवसांतच नवऱ्यानं मुअत्तरच्या कानशिलात भडकावली. कानात पू झाला. पोर रोज पाणी आणायला आईच्या दारावरून जायची आणि आत पाऊल टाकायची नाही. आई तंदूरवरून हाक मारायची, "ये की गं," आणि ही म्हणायची, "घाईत आहे, आई. सगळं छान आहे." आईला वाटलं, ओक्सोकोलनं पोरीचा संसार सावरला. म्हणून ती रोज नान पाठवत होती. महिन्यानं मुअत्तर भर बाजारात तापानं कोसळली, तेव्हा नान यायच्या थांबल्या. डावा कान गेला तो गेला.

"तुम्ही तेव्हा म्हणालात, नान का येत नाही आजकाल?" सलोमत म्हणाली. "आणि वर्षअखेरीला हा झगा आला. तलाकाचा कागद तिनं पुढच्या वर्षी घेतला ना. तोवर तुमच्या वहीत समेट होता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आता एखाद्याला वाटेल की सोतवोल्दीला लाज वाटली. नाही वाटली. लाज ही भरल्या घरात शिरते, रिकाम्या घरात तिचं काय काम? त्याला भीती वाटली. सगळी हज एका पोरीच्या कानात अडकली, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचारानंतर त्याला त्या पोरीचाच राग आला. ज्याला राग येत नव्हता त्या माणसाला आयुष्यात दुसऱ्यांदा राग आला, तो लाव्यानंतर थेट हिचा.

पण तो कामाचा माणूस होता. रिसोलतनं अट घातली होती, अट कळली होती. त्यानं वाक्य तयार केलं. नमाजानंतर दोनदा मनात घोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, नान घ्यायला बायकांची रांग लागते त्या वेळी, तो पुन्हा रिसोलतच्या दारात गेला. झगा घालून. झग्याचं काय ते कळूनसुद्धा घालून, कारण बाकीचे कपडे बांधले गेले होते आणि सलोमतनं एक शब्दही न बोलता तोच झगा पुढं केला होता.

"मी नान हातात दिली," तो रिसोलतला हलक्या आवाजात म्हणाला. "शपथ घातली. ती चूक झाली. त्यामुळं पोर घरी आली नाही आणि तिचा कान गेला. यासाठी राजी व्हा."

एक अक्षरही इकडचं तिकडं झालं नाही. रिसोलतनं ऐकून घेतलं.

"बरोबर सांगितलंत," ती म्हणाली. "सांगताना कसं वाटलं?"

"वाटायचं काय त्यात? चूक झाली म्हणतोय ना."

"हं," रिसोलत म्हणाली. गिऱ्हाइकाला खोटी नोट परत करताना बायका जसं बघतात तसं तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग खांदे उडवले. "ठीक आहे. मी शब्द दिला होता. माझ्या वाटचं मी सोडलं. महिनाभराच्या नान तुम्हाला हलाल केल्या. मी मूर्खासारखी तुम्हाला दुवा देत बसले, तेही सोडलं. राजी आहे."

सोतवोल्दीचे हात दाढीकडे गेले.

"थांबा. आमीन नंतर," रिसोलत म्हणाली. "कान माझा नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं. कान तिचा आहे, तिला विचारा."

हे सोतवोल्दीच्या ध्यानीमनी नव्हतं. घरातला मोठा माणूस राजी झाला की घर राजी झालं, अशीच तिथली रीत. ब्याण्णव घरांत त्यानं मोठ्यांना विचारलं होतं, सुनांना आणि पोरींना नाही. एकाहत्तर वर्षांच्या माणसानं घटस्फोटित पोरीपुढं छातीवर हात ठेवायचा, तेही रांगेतल्या बायकांदेखत? त्याच्या दाढीला ते झेपेना.

मुअत्तर कालच्याच जागी ओट्यावर बसून शिक्का मारत होती. तिच्या उजव्या हाताला रांग होती, सात बायका, सातहीजणींचे कान टवकारलेले. डाव्या हाताला भिंत होती आणि भिंतीशी एक माणूस उभा राहील एवढी जागा. कुठला कान गेला ते सलोमतनं सांगितलं होतं, आणि सोतवोल्दीला ते पक्कं आठवत होतं. हवं तेव्हा त्याची आठवण उत्तम होती.

तो डाव्या बाजूला गेला. वाकला. दाढीतल्या दाढीत, ओठ जेमतेम हलवत, त्यानं ते अख्खं वाक्य म्हटलं, नानसकट, शपथेसकट, चुकीसकट. "यासाठी राजी हो," असं शेवटी म्हटलं.

मुअत्तरनं पुढचा गोळा घेतला आणि शिक्का दाबला.

तो तीन श्वास थांबला. तिकडे सगळ्या म्हाताऱ्यांना पाठ असलेली एक म्हण आहे, गप्प राहणं हीच राजी असल्याची खूण. आजवर अनेक पोरींवर त्यानं ती वापरली होती. आता स्वतःवर वापरली. दोन्ही हात दाढीवरून फिरवले, आमीन म्हटलं आणि तो तरातरा बाहेर पडला. रिसोलत तंदूरमध्ये वाकली होती. तिनं काय पाहिलं आणि काय नाही, हे त्यानं वळून बघितलं नाही.

"झालं का?" घरी सलोमतनं विचारलं.

"विचारलं. गप्प राहिली. म्हणजे झालं."

"कुठल्या बाजूनं विचारलंत?"

"बाई, बाजू कसल्या बघतेस? देव नियत बघतो," तो म्हणाला. सलोमतनं पुढं विचारलं नाही. नियत बघणाऱ्याच्या हाती प्रकरण गेलं होतं, यापेक्षा वाईट काय व्हायचं?

दुसऱ्या दिवशी पहाटे पुलावाची दावत झाली. तीनशे माणसं जेवली. सोतवोल्दीनं उभं राहून सगळ्यांना मिळून एकदा विचारलं आणि तीनशे माणसांनी तेलकट ओठांनी एका आवाजात "राजी" म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःबद्दल त्याला नेहमीच भरून यायचं.

मग मोहल्ल्याच्या तोंडाशी बस आली. म्हातारे, बायका, कडेवरची पोरं, सगळा मोहल्ला तुतीच्या झाडाखाली जमला. बॅगा चढल्या. आता एकच विधी राहिला होता. लांब निघणाऱ्यानं एका ताज्या नानचा घास तोडायचा आणि उरलेली नान घरच्यांनी भिंतीवर टांगायची. ती त्याची वाट बघते, आणि परत आल्यावर त्यानंच ती संपवायची.

नान घेऊन मुअत्तर आली. एरवी ती चारचौघांत यायची नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली गरम नान तिनं दोन्ही हातांनी पुढं केली, सोतवोल्दीनं दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. ती मागं सरकली नाही.

"काका," ती म्हणाली. एका कानानं ऐकणारी माणसं मोठ्यानं बोलतात, तिलाही आपला आवाज किती जातो ते कळत नसे. तो पार बसच्या ड्रायव्हरपर्यंत गेला. "काल तुम्ही माझ्या डाव्या बाजूला वाकून काहीतरी म्हणालात. आई म्हणाली, तुम्हाला माझ्याशी बोलायचं होतं. पण तो कान गेलाय माझा. हा चांगला आहे."

आणि तिनं डोक्यावरचा रुमाल उजव्या बाजूनं मागं केला, डोकं थोडं कलतं केलं आणि वाट बघत उभी राहिली.

बायकांची कुजबुज थांबली. होकिमबेक पुढं सरकला. सलोमत गर्दीच्या कडेला उभी होती आणि नवऱ्याकडे बघत होती. इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडून काही मागितलं नव्हतं, या वेळी ती मनातल्या मनात मागत होती.

सोतवोल्दीला वाक्य पाठ होतं. नान हातात होती. कान दोन वितींवर होता. ती पोर त्याचा अपमान करायला आली नव्हती, हे त्यालासुद्धा दिसत होतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. नऊ वर्षांत तिला कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं, आणि मग त्याला तीनशे चेहरे दिसले, आणि आपल्या अंगावरचा झगा दिसला. आता बोललं तर हा झगा इथंच उतरवावा लागेल, हे त्याला स्पष्ट कळलं.

"काही नाही, पोरी," तो म्हणाला. "नान छान भाजता तुम्ही मायलेकी. एवढंच म्हणालो."

मुअत्तर क्षणभर तशीच उभी राहिली, अजून काही येईल म्हणून. मग तिनं रुमाल पुढं ओढला.

"बरं," ती म्हणाली, त्याच मोठ्या आवाजात. "मला वाटलं, तुम्हाला काही मागायचं होतं."

ती वळली आणि गर्दीतून वाट काढत घरी गेली, कारण तंदूर तापला होता. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. सोतवोल्दीनं नान तोंडाशी नेली आणि घास तोडला, आणि तो तोडताना त्याचे डोळे आपोआप मिटले. हातात नान धरून तो खोटं बोलला होता, आणि नानची शपथ किती खरी असते हे त्या गर्दीत त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटलं, ओक्सोकोल दुवा करतोय, म्हणून त्यांनीही हात वर केले आणि आमीन म्हटलं.